बेचाळीस स्लाइड्स आणि एक बांध

पत्र थोडक्यात: शिरोळ तालुक्यातल्या एका गावची ही मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, पुढचं सगळं शिक्षण कोल्हापुरात झालं. आता भूगोलात पीएच.डी.चं दुसरं वर्ष चालू आहे. विषय ऊसपट्ट्यातल्या क्षारपड जमिनी, प्रबंध इंग्रजीत. गेल्या महिन्यात संशोधन सल्लागार समितीपुढे तिचं सादरीकरण झालं. वेळ वीस मिनिटं, स्लाइड्स ४२, आणि एकोणिसाव्या स्लाइडवर वेळ संपली. समितीतले एकजण म्हणाले, ‘भाषा सुधारा, हे अकॅडमिक वाटत नाही.’ दुसऱ्यांनी विचारलं, ‘तुमचा मुद्दा काय?’ तेव्हा तिला उत्तरच सुचलं नाही. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण उचललेला मजकूर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं, तर ३४ टक्के साम्य निघालं. तेच साठ पानी प्रकरण मार्गदर्शकांच्या टेबलावर दोन महिने पडून आहे. तिच्यापुढे तीन वाटा आहेत. बारा हजार भरून इंग्रजी संभाषणाचा क्लास लावायचा, मैत्रिणीनं नंबर दिलेल्या ‘प्रबंध नीट करून देणाऱ्या’ माणसाला गाठायचं, किंवा सगळं सोडून घरी जायचं. पत्राचं शेवटचं वाक्य: ‘मॅडम, माझं इंग्रजीच कच्चं आहे, मग मी या कामाची नाहीच का?’

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. प्रबंध वाचण्यात हयात गेली, आता ती सवय सुटत नाही.

चार फुलस्केप पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. तिसऱ्या पानावर समितीची तक्रार सांगता सांगता तू मध्येच घरचं काहीतरी लिहून गेलीस. तिथं मी पेन्सिलीनं उभी रेघ मारली. तुझेच शब्द आहेत: ‘आमच्या रानात जमिनीतलं जादा पाणी बाहेर काढणारा निचऱ्याचा पाइप टाकायला अण्णा तयार होते, पैसेपण जमले होते. पण पाणी ओढ्याला न्यायचं तर खालच्या दोघांच्या रानातनं न्यावं लागतं, त्यातला एकजण नाही म्हणाला. गावं फिरल्यावर कळलं, कितीतरी घरांत हीच गोष्ट. पाइप टाकायचा का नाही, हे ज्याची जमीन गेलीय तो ठरवतच नाही. खालचा बांध ठरवतो.’

खालचा बांध ठरवतो. तीन शब्द. अगं, हा तुझा प्रबंध आहे! आणि तू त्या ४२ स्लाइड्सची जी यादी पाठवलीस, तीत हे वाक्य कुठेच नाही. इंट्रोडक्शन आहे, स्टडी एरिया आहे, तालुक्याचे अक्षांश-रेखांश आहेत, पर्जन्यमानाचे तीन तक्ते आहेत, उद्दिष्टं सात आहेत. बांध नाही.

म्हणून मला तुझ्या मूळ गृहीतकाशीच थोडं भांडायचंय. ‘मुद्दा काय’ या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर सुचलं नाही, असं तू लिहितेस. त्या दिवशी, त्या खोलीत, तोच प्रश्न मराठीत विचारला असता तर सुचलं असतं? मनाला विचारून बघ. मला वाटतं, नसतं सुचलं. तुला उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही, पण गावच्या रानातलं हे बोलणं म्हणजे ‘संशोधन’ आहे, असं तुला वाटतच नव्हतं. संशोधन म्हणजे पुस्तकात असतं ते, आणि हे आपलं घरचं. ही फाळणी तू करून ठेवलीस आणि दोष मात्र इंग्रजीला लावलास.

यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे, तो कबूल करते. कितीतरी वर्षं मीसुद्धा समासात लाल पेननं ‘भाषा सुधारा’ असं लिहीत आले. एकदा एका मुलानं वही घेऊन येऊन सरळ विचारलं, ‘मॅडम, नक्की कुठली सुधारू?’ मी त्याच्यासमोर ते पान वाचलं आणि मला सांगता येईना. व्याकरणाची चूक एकही नव्हती. पानभर मजकुरात तो काहीच म्हणत नव्हता, एवढाच त्याचा दोष होता. ते पकडायला पान नीट वाचावं लागतं, आणि ‘भाषा सुधारा’ हा शेरा न वाचताही देता येतो. तेव्हा त्या सदस्यांचं बोलणं फार मनाला लावून घेऊ नकोस. ‘मुद्दा काय’ विचारणाऱ्यांना मात्र धन्यवाद दे. त्या खोलीत तुझं नीट ऐकलं ते त्यांनीच.

म्हणजे इंग्रजीचा प्रश्न नाहीच, असं मी म्हणत नाही. पत्रासोबत जोडलेल्या प्रकरणाच्या चार पानांत ‘द’ कुठे घालायचा आणि कुठे नाही याचा घोळ आहे, काळ मध्येच बदलतात, एक वाक्य तर सात ओळी चाललंय. पण हे शेवटी दुरुस्त करायचं काम आहे. आधी काय म्हणायचं ते ठरतं, मग ते कुठल्या क्रमानं म्हणायचं ते, मग वाक्यं, आणि सगळ्यात शेवटी व्याकरण. तू शेवटच्या पायरीपासून चढायला निघालीस, म्हणून धाप लागली.

आधी ‘अकॅडमिक’ या शब्दाचं बघू. तुझ्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्याचं मराठी करून बघितलं, ते असं झालं: ‘सद्यःस्थितीत सदर क्षेत्रामध्ये मृदा-अवनतीच्या समस्येने अत्यंत गंभीर स्वरूप धारण केल्याचे निदर्शनास येते.’ कुणाच्या निदर्शनास? किती गंभीर? कुठलं क्षेत्र? हे वाक्य विदर्भातल्या प्रबंधात घातलं तरी चालेल आणि पंजाबातल्याही. आता तेच असं लिही: ‘शिरोळ तालुक्यातल्या तीन गावांतून घेतलेल्या अमुक नमुन्यांपैकी तमुक नमुन्यांची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा जास्त होती.’ आकडे तुझ्या वहीत आहेतच. जमीन क्षारयुक्त ठरवण्याची ४ ची मर्यादा कुठून आली, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दुसऱ्या वाक्यात एकही भारदस्त शब्द नाही, तरी अकॅडमिक तेच आहे, कारण कुणी मनात आणलं तर ते तपासून खोटं पाडू शकतो. पहिल्याला खोटंही पाडता येत नाही.

अशीच आणखी एक सवय: ‘सिग्निफिकंट’ हा शब्द तू चार पानांत अकरा वेळा वापरलास. संख्याशास्त्रात त्याला ठरलेला अर्थ आहे. चाचणी केली असेल तरच तो वापरायचा. ‘बराचसा’ किंवा ‘महत्त्वाचा’ म्हणायचं असेल तर तसंच म्हण. परीक्षकांना हा शब्द दिसला की ते पी-व्हॅल्यू, म्हणजे त्या चाचणीतून निघणारा आकडा, शोधायला लागतात, आणि ती नसली की तुला.

वाक्यं एकमेकांना जोडायची एक साधी युक्ती आहे, इंग्रजीतही चालते आणि मराठीतही. वाचकाला आधीच कळलेल्या गोष्टीनं वाक्य सुरू कर आणि नव्या गोष्टीवर संपव. मग ती नवी गोष्ट पुढच्या वाक्याच्या तोंडाशी आण. तुझ्याच विषयात बघ. उसाला पाट फोडून भरमसाट पाणी दिलं जातं. या पाण्यानं काळ्या, निचरा नसलेल्या रानात भूजल वर येतं. वर आलेलं भूजल आपल्याबरोबर विरघळलेले क्षार आणतं. पाणी उन्हानं उडून जातं आणि हे क्षार मातीवर पांढरे होऊन बसतात. ओढून-ताणून एकही ‘तथापि’ किंवा ‘याव्यतिरिक्त’ घालावा लागला नाही, तरी साखळी तुटली नाही. तुझ्या प्रकरणातलं कुठलंही एक पान घे, प्रत्येक वाक्याचे पहिले तीन आणि शेवटचे तीन शब्द अधोरेखित कर. कुठे कडी निसटलीय ते डोळ्यांनाच दिसेल.

आता आढाव्याचं प्रकरण. इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझ्याकडे पत्रं लिहिणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांचं घोडं इथंच अडतं, मग विषय रसायनशास्त्र असो की मराठी संतसाहित्य.

तुझा प्रत्येक परिच्छेद एका नावानं सुरू होतो. अमक्यांनी या साली असा अभ्यास केला, त्यांना असं आढळलं. तमक्यांनी त्या साली तसा अभ्यास केला. याला मी हजेरीपट म्हणते. सगळे हजर आहेत, पण कुणी कुणाशी बोलत नाही. वाचणाऱ्याला शेवटी एवढंच कळतं की तू पुष्कळ वाचलंस. आढावा याच्यासाठी नसतो. या प्रश्नावर आजवर कोण कोणाशी भांडलं, काय मिटलं, काय अजून उघडं आहे, आणि त्या उघड्या जागेत माझी खुर्ची कुठे, हे सांगायला तो असतो.

असं कर. एक मोठा कागद जमिनीवर पसर, कॅलेंडरच्या मागची बाजूसुद्धा चालेल. तू वाचलेले लेख नावानुसार मांडू नकोस, तर ‘जमीन का सुधारत नाही’ या प्रश्नाला ते काय उत्तर देतात त्यावरून त्यांचे ढीग कर. एक ढीग म्हणेल, तंत्रज्ञान कमी पडतं. पाइप किती खोल, दोन पाइपांत अंतर किती, यावरच सगळं अवलंबून. दुसरा म्हणेल, पैसा नाही. अनुदान, कर्ज, खर्च-उत्पन्नाचा हिशेब. तिसरा म्हणेल, शेतकऱ्याला माहिती नाही, शिबिरं घ्या. मग तुझ्या अण्णांकडे बघ. तंत्रज्ञान होतं, पैसा होता, माहिती तर तुझ्यामुळे घरातच होती. तरी पाइप पडला नाही. म्हणजे तिन्ही ढिगांना जे दिसलं नाही, ते तुझ्या घराच्या उंबऱ्याशी आहे. ज्यांनी सामूहिक निचऱ्याबद्दल किंवा शेजाऱ्यांच्या परवानगीबद्दल चार ओळी का होईना लिहिल्यात, ते लेख वेगळे काढ. ते तुझे नातलग. त्यांच्याशी सविस्तर बोल, बाकीच्यांना एकेक परिच्छेद पुरे. एका परिच्छेदात सहा जणांची नावं एकत्र आली तरी चालतात. मात्र परिच्छेदाचं पहिलं वाक्य तुझं हवं, त्यांचं नको.

साठाची पंचवीस पानं होतील. होऊ देत.

हे केलंस की त्या ३४ टक्क्यांचा प्रश्नही बराचसा सुटेल, कारण तो आकडा हजेरीपटातूनच येतो. लेख समोर उघडा ठेवून त्याचं वाक्य उचलायचं, दोन शब्द बदलायचे, पुढचं वाक्य उचलायचं. यात तुझी चोरीची दानत नव्हती, हे मला पत्रावरूनच कळतं. पण सॉफ्टवेअरला दानत दिसत नाही. नियम समजून घे म्हणजे उगाच धसका राहणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायला सांगतात, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करायला बंदी, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, अवतरणात नीट उल्लेख करून घेतलेला मजकूर, प्रमाणित समीकरणं हे सगळं यातून वगळतात. शिवाय तुझं प्रकरण अजून कच्चा खर्डा आहे. कुणी तुला पकडलेलं नाही, तूच आरसा बघितलास. बरं झालं, आत्ताच बघितलास.

उपाय जुनाच आहे. लेख वाच, बंद कर, उठून पाणी पिऊन ये, आणि काय वाचलं ते पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मराठीत लिही. पान क्रमांक तिथंच टाक, नंतर शोधत बसणं हा नरक आहे. मग त्या मराठी कार्डावरून इंग्रजी लिही, मूळ लेख न उघडता. मराठीतून गेलेलं वाक्य मूळ वाक्यासारखं राहूच शकत नाही. मराठी माध्यमातली मुलगी म्हणून तू जे ओझं समजतेस, ते इथं तुझं औत आहे. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना ही सोय नाही. संदर्भ ठेवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर घे. फुकट आहे आणि संदर्भसूची स्वतःच लावतं. एक दुपार शिकायला घाल, पुढे कित्येक दुपारी वाचतील.

नवी यंत्रं आहेतच. चॅटजीपीटीसारख्यांकडून स्वतः लिहिलेल्या परिच्छेदातल्या व्याकरणाच्या चुका काढून घ्यायला माझी ना नाही. तुझ्या संस्थेचा त्याबद्दल काय नियम आहे ते मात्र आधी विचार, आणि वापरलंस तर मार्गदर्शकांना सांग. त्याच्याकडून संदर्भ मात्र मागू नकोस. ते कधीकधी कुणीच न लिहिलेल्या लेखांची नावं, साल-पानांसकट, बेधडक देतं. जो लेख तू स्वतः उघडून बघितला नाहीस, तो तुझ्या सूचीत येता कामा नये.

आणि तो नंबर. ‘प्रबंध नीट करून देतो’ म्हणणारा माणूस काय करतो, हे तुला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे. नैतिकतेचं प्रवचन देत नाही, फक्त मौखिक परीक्षेचं चित्र डोळ्यांसमोर आण. समोर बाहेरचे परीक्षक, हातात तू न लिहिलेलं पान, आणि ते विचारतायत, ‘हा शब्द इथं का वापरला?’ वीस मिनिटांच्या सादरीकरणात जिला घाम फुटला, तिनं हे ओझं डोक्यावर घेऊन तिथं बसू नये. नंबर पुसून टाक. पैसे देऊन भाषा तपासून घेणं वेगळं, ते उघड करता येतं आणि ऋणनिर्देशात लिहिता येतं. लपवावं लागतं ते घेऊच नकोस.

क्लासबद्दल मी जरा दोन्ही बाजूंनी बोलते. चार माणसांत तोंड उघडायचं धाडसच होत नसेल, तर दोन-तीन महिने क्लास लावायला हरकत नाही, तिथं लाज मोडते. पण तिथं शिकवतात ते हॉटेलात काय मागवायचं आणि मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची हे. निचरा-पाइपांबद्दल युक्तिवाद कसा मांडायचा हे तिथं कुणी शिकवत नाही. बारा हजारांत तुझे किती माती-नमुने तपासून होतील याचा आधी हिशेब कर आणि मग ठरव.

मार्गदर्शकांकडे पडलेल्या त्या साठ पानांचं सांगते. तुझी तक्रार रास्त आहे. पण त्या टेबलाच्या पलीकडे मी बसलेय, म्हणून पलीकडचंही ऐक. साठ पानी गठ्ठा समोर आला की माणूस म्हणतो, ‘निवांत वाचू.’ निवांत वेळ येत नाही. त्याऐवजी चार पानं दे आणि वर एकच प्रश्न लिही: ‘सर, दुसऱ्या परिच्छेदातला माझा दावा पुराव्यापेक्षा मोठा झालाय का?’ पंधरा मिनिटांत वाचून होतं, आणि प्रश्न विचारलाय म्हटल्यावर उत्तर द्यावंच लागतं. गठ्ठा परत मागून घे. ‘सर, मी तो पुन्हा लिहितेय’ म्हण. त्यांनाही सुटल्यासारखं वाटेल.

तुमच्याकडे ऊस आहे म्हणजे गुऱ्हाळ तू बघितलं असशील. काहिलीत रस उकळायला लागला की वर मळी येते, भेंडीचं पाणी घालून ती काढत राहतात, आणि उतरवायची वेळ गुळव्या, म्हणजे गूळ करणारा जाणता कारागीरच, सांगतो. पण रस काहिलीत ओततानाच कुणी मळी काढत बसत नाही. तू तेच करतेस. पहिला खर्डा लिहिताना प्रत्येक वाक्याला थांबून ‘द’ घालू का नको करत बसतेस, म्हणून दिवसाला आठ ओळी होतात. आधी ओत. मराठी-इंग्रजी मिसळलं तर मिसळू दे, शब्द अडला तर चौकोन काढ आणि पुढे जा. रोज सकाळी दीड तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. वसतिगृहात गोंगाट असेल तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बस. १८५० पासून ते लोकांना वाचायला जागा देतंय, तुलाही देईल.

गुळव्या मात्र शोध. वेगवेगळ्या विभागांतल्या तिघी-चौघी मिळून आठवड्यातून एकदा चहाला बसा. प्रत्येकीनं दोन पानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी फक्त दोन गोष्टी सांगायच्या: कुठे समजलं नाही आणि कुठे कंटाळा आला. विषयातलीच मैत्रीण नको. ती सगळं समजून घेते आणि तुझा घोळ झाकला जातो. रसायनशास्त्रातली मुलगी ‘ओढा म्हणजे नेमका कुठला?’ विचारते तेव्हा तू गृहीत धरलेली गोष्ट उघडी पडते. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले लाखो प्रबंध फुकट वाचायला मिळतात, त्यातले पाच-सहा फक्त बांधणीसाठी वाच: प्रश्न कितव्या पानावर आला, प्रकरणं एकमेकांना कशी सांधली. सगळेच चांगले नाहीत, आणि वाईट प्रबंधातूनही शिकायला मिळतं. कधीकधी जास्तच.

आता सादरीकरण. वीस मिनिटांत ४२ स्लाइड्स म्हणजे एकीला अर्धा मिनिटसुद्धा नाही. तू बोलत नव्हतीस, पळत होतीस. आणि प्रत्येक स्लाइडवर परिच्छेद असल्यामुळे समिती वाचत होती. माणसाला एकाच वेळी वाचता आणि ऐकता येत नाही, तेव्हा त्यांनी वाचणं निवडलं आणि तुझा आवाज मागच्या पंख्यासारखा चालू राहिला.

बारा स्लाइड्स पुरेत. स्लाइडच्या माथ्यावर ‘रिझल्ट्स’ असं लिहू नकोस, निकालच लिही: ‘परवानगी न मिळाल्याने काम अडलेली कुटुंबं पैशाअभावी अडलेल्यांपेक्षा जास्त.’ हे तुझ्या आकड्यांत खरं असेल तर, अर्थात. खाली एकच आलेख, आणि त्यावरची अक्षरं शेवटच्या बाकावरून वाचता आली पाहिजेत. पर्जन्यमानाचे तिन्ही तक्ते शेवटी नेऊन टाक. कुणी विचारलंच तर दाखवायला बरे. मुद्दा विसाव्या मिनिटापर्यंत लपवून ठेवू नकोस, रहस्यकथा नाही ही. दुसऱ्याच मिनिटात सांग, की खालचा बांध ठरवतो, आणि उरलेला वेळ ते कशावरून हे सांग.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली: तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, आणि अख्खा पीएच.डी.चा विषय विषयाबाहेरच्या माणसाला समजेल असा सांगायचा. आता ती अनेक देशांत होते. तू घरच्या घरी खेळ. रविवारी गावी गेलीस की अण्णांना तीन मिनिटांत मराठीत सांग. त्यांनी मध्येच ‘असं नव्हतं गं’ म्हटलं तर फारच उत्तम, तो तुझा पहिला परीक्षक. मग तेच मैत्रिणींसमोर इंग्रजीत सांग, घड्याळ लावून, उभं राहून. मनातल्या मनात केलेला सराव सराव नसतो. तोंडाला ते शब्द माहीत नसतात. पहिली दोन मिनिटं आणि शेवटचं एक मिनिट इंग्रजीत पाठ कर, शब्दन् शब्द. मधलं पाठ करू नकोस, तिथं आलेख बोलू दे. पहिली दोन मिनिटं सुखरूप गेली की श्वास जागेवर येतो.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी: पीडीएफची प्रत पेनड्राइव्हवर ठेव. मराठी मजकूर असेल तर युनिकोडमध्येच, नाहीतर श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधलं दुसऱ्या संगणकावर उघडलं की अक्षरांची खिचडी होते. अर्धा तास आधी जाऊन प्रोजेक्टर लावून बघ.

प्रश्न आला की तो आधी स्वतःच्या शब्दांत परत म्हण. ‘म्हणजे तुम्ही विचारताय की नकार देणाऱ्या शेजाऱ्याचं कारण मी तपासलं का?’ यानं दहा सेकंद मिळतात आणि चुकीच्या प्रश्नाला उत्तर देणं टळतं. ठाऊक नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही, पुढच्या सत्रात तपासते’ असं सरळ सांगून वहीत लिहून घे. समितीला याचा राग येत नाही. राग येतो तो फेकाफेकीचा. आणि प्रश्न मराठीत आला तर मराठीत उत्तर द्यायला लाजू नकोस. चर्चा दोन्ही भाषांत चालेल का, हे मार्गदर्शकांमार्फत आधीच विचारून ठेव. पुष्कळदा समितीलाही तेच हवं असतं, फक्त पहिलं कुणी बोलत नाही.

राहिली तिसरी वाट, सोडून जाण्याची. पीएच.डी. सोडणं यात नामुष्की नाही. विषयच आवडेनासा झाला, घरची अडचण आली, तर खुशाल सोडावी. पण ‘माझं इंग्रजी कच्चं’ हे कारण मी मान्य करणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्राला समितीपुढे उभं राहायचं असतं, म्हणजे पुढची संधी सहा महिन्यांच्या आत आहेच, आणि नेहमीची मुदत सहा वर्षांची. तू दुसऱ्या वर्षात आहेस. निदान दोन सादरीकरणं या नव्या पद्धतीनं करून बघ, मग ठरव.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. पत्रासोबत रानाचा फोटो पाठवलायस, पांढऱ्या थरात उसाचे खुरटलेले चार कोंब. पहिल्या स्लाइडवर तोच लाव. पण मागं बांधावर उभे असलेले गृहस्थ ‘नाही’ म्हणालेले शेजारीच असतील, तर त्यांचा चेहरा आणि कडेचा गट क्रमांक कापून टाक. त्यांनाही जाऊन भेट, मुलाखत घे, रीतसर संमती घेऊन. ते का नाही म्हणाले हे तुझ्या चार पानांत कुठंच नाही, आणि ‘मुद्दा काय’ विचारणारे सर पुढच्या वेळी नेमकं तेच विचारणार आहेत.